घरात कुत्रा-मांजर आणताय? गोव्यातल्या दवाखान्याचा रस्ता आधी पाहून ठेवा

डिचोली, साखळी, फोंडा या पट्ट्यात पहिल्यांदाच पिल्लू आणलेल्या कुणाशीही बोला, प्रश्न तेच निघतात. कुठल्या डॉक्टरकडे जायचं? सरकारी दवाखान्यात कुत्र्याला बघतात, की फक्त गुरांना? मांजर घरातच असतं, मग त्याला लस कशाला? घरात कायम कुत्री-मांजरं असल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाच क्रमानं लिहून ठेवतेय.

गोव्यात पशुवैद्यांची वानवा नाही. अडचण येते ती वेळेची. दुपारी एकला शटर खाली, रात्री फोन बंद आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळा गोवा आपापल्या मूळ घरी. त्यामुळे निम्मं काम जनावर ठणठणीत असतानाच उरकून ठेवायचं.

१. पिल्लू येण्याआधी डॉक्टर ठरवा

तीन पर्याय आहेत.

पहिला सरकारी. पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्याचे दवाखाने तालुक्या-तालुक्यात आहेत. पणजीजवळ टोंक इथं आणि मडगावला सोनसोडो इथं मोठी इस्पितळं आहेत. हो, कुत्र्या-मांजरांनाही तिथं तपासतात आणि खर्च अगदी कमी येतो. मात्र तालुक्याच्या डॉक्टरचं मुख्य काम गुरांचं. कुणाची गाय अडली, कुणाच्या म्हशीला कृत्रिम रेतन करायचंय, की डॉक्टर गाडी काढून बाहेर. त्यामुळे सकाळी लवकर जा आणि निघण्यापूर्वी फोन करून डॉक्टर जाग्यावर आहेत का ते विचारा. लस किंवा औषध शिल्लक आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. नसेल तर बाहेरून विकत आणावं लागतं.

दुसरा खाजगी. पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा इथं चांगले दवाखाने आहेत. सांगे, काणकोण, सत्तरीच्या आतल्या गावात राहत असाल तर गाडीनं तास-दीड तास धरूनच चाला.

तिसरा प्राणिमित्र संस्थांचा. आसगावसारख्या ठिकाणी अशा संस्थांचे दवाखाने आहेत, पण त्यांचं पहिलं काम रस्त्यावरच्या जनावरांचं. जखमी भटकं कुत्रं दिसलं तर त्यांना जरूर कळवा. आपलं विकत घेतलेलं लॅब्राडोर घेऊन फुकट उपचाराच्या रांगेत उभं राहणं मला तरी बरं दिसत नाही.

डॉक्टर ठरवताना हे विचारा:

- रात्री किंवा रविवारी फोन उचलता का? नसाल तर कुणाकडे पाठवता?
- रक्ततपासणी इथंच होते की बाहेर पाठवावी लागते? अहवाल किती वेळात मिळतो?
- एक्स-रे, सोनोग्राफी कुठं होते?
- मांजरं बघता का? (सगळेच मनापासून बघत नाहीत.)
- सर्पदंशाची लस ठेवता का?

आणि नोंदणी पाहा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्यानुसार पदवीधर आणि परिषदेकडे नोंद असलेल्या डॉक्टरलाच जनावरांवर उपचार करता येतात. पदविकाधारक सहाय्यक किरकोळ कामं करू शकतो, तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली. ‘घरी येऊन स्वस्तात इंजेक्शन देतो’ म्हणणारा माणूस नोंदणी क्रमांक विचारला की बहुधा विषय बदलतो.

२. एक फाईल करा

साधी प्लास्टिकची फाईल पुरे. तिच्यात हे असू द्या:

- लसीकरणाचं पुस्तक. प्रत्येक लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, तारीख, डॉक्टरची सही व शिक्का त्यात हवाच
- आजवरच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे अहवाल, तारखेप्रमाणे
- जंतांचं आणि गोचिडीचं औषध कधी दिलं त्याची यादी, त्या दिवशीच्या वजनासह
- पिल्लू विकत घेतलं असेल तर पावती, दत्तक घेतलं असेल तर संस्थेचा कागद
- जनावराचा समोरून आणि बाजूनं काढलेला स्पष्ट फोटो
- पंचायतीत किंवा पालिकेत नोंदणी केली असेल तर तिची पावती

नोंदणीचं काय, असं बरेचजण विचारतात. आपल्या पंचायतीत किंवा पालिकेतच चौकशी करा. रेबीजच्या लसीचा दाखला तिथं मागतील असं धरून चाला.

फाईलमधल्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. रात्री अनोळखी डॉक्टरकडे जायची पाळी आली तर हीच पानं कामाला येतात.

३. पहिली भेट

पिल्लू आणल्यावर दोन-तीन दिवसांत दाखवा, ते धडधाकट दिसत असलं तरी. जाताना ताजी शी एका छोट्या डबीत न्या, जंत तपासता येतात. पट्टा आणि जुना टॉवेल बरोबर घ्या. मांजर पिंजऱ्यातून किंवा झाकणाच्या टोपलीतूनच न्यायचं. हातात धरून नेलेलं मांजर बाहेरच्या कुत्र्याचा आवाज आला की तुमच्या खांद्यावरून उडी मारून पसार होतं आणि मग शोधा म्हापशाच्या बाजारात.

गाडी नसेल तर आधीच सोय पाहा. टॅक्सीवाले कुत्रा म्हटलं की कुरकुरतात, त्यामुळे बोलावतानाच स्पष्ट सांगा. ओळखीचा रिक्षावाला असेल तर उत्तम.

डॉक्टर विचारतील: काय खातं, किती वेळा शी करतं, आधी कुठली लस झाली, घरात आणखी जनावरं आहेत का. उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. ‘झालं असेल बहुतेक’ या उत्तरावर डॉक्टरला काहीच करता येत नाही.

४. लसी

कुत्र्याच्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली एकत्रित लस देतात. ती डिस्टेंपर (विषाणूचा ताप), पार्वो (रक्ताची हगवण लावणारा विषाणू), कावीळ आणि बहुतेक वेळा लेप्टो (उंदराच्या लघवीतून पसरणारा आजार) यांच्यावर असते. मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. नंतर दरवर्षी. मांजरांची लस वेगळी असते, ती आठव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. रेबीज मात्र त्यांनाही चुकत नाही.

इथं लोक फसतात ते असे:

*विकणाऱ्याचं कार्ड.* ‘दोन लसी झाल्यात’ म्हणून कार्ड देतात, त्यावर स्टिकर नसतं, सही वाचता येत नाही. असं कार्ड नाहीच असं समजा आणि पुढं काय करायचं ते डॉक्टरला ठरवू द्या.

*लस घरी आणून टोचणं.* लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. पावसात वीज किती वेळा जाते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. उन्हात डिकीत फिरलेली लस टोचली तर पाणी टोचल्यात जमा.

*अर्धवट लसीत फिरायला नेणं.* पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने तग धरतो. मालिका पूर्ण होईपर्यंत किनाऱ्यावर, मैदानावर, देवळाच्या आवारात पिल्लू सोडू नका. घरात आधीचं पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलं असेल, तर त्याच जागी लगेच दुसरं आणू नका.

*वाड्यावर येणाऱ्या पथकावर सगळं सोडणं.* गोव्यात २०१४ पासून रेबीजविरोधी मोहीम मोठ्या प्रमाणावर चालली आहे. पथकं दारोदार फिरून कुत्र्यांना फुकट लस टोचतात. २०२१ मध्ये सरकारनं गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं, ते याच कामाच्या जोरावर. पण ते पथक फक्त रेबीजची लस देतं. पार्वो, डिस्टेंपर, लेप्टो तुमच्याच खर्चानं. आणि सीमेपलीकडून, दोडामार्ग किंवा कारवारच्या बाजूनं आजारी कुत्रं चालत यायला कुणाचा दाखला लागत नाही, तेव्हा रेबीजच्या वार्षिक डोसात ढिलाई नको.

५. गोचीड: गोव्यातलं खरं दुखणं

मला विचाराल तर इथं कुत्रा पाळणाऱ्यानं सगळ्यात जास्त याच विषयावर लक्ष द्यावं. दमट हवेमुळे गोचीड बारा महिने असते. आणि आपली घरं चिऱ्यांची. चिऱ्यांच्या भिंतीतल्या भोकांत, कुंपणाच्या फटीत, पडवीच्या कोपऱ्यात तिला हवी तशी जागा मिळते. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून खाली पडते आणि अशा फटीत हजारो अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यापेक्षा किती तरी जास्त गोचिडी घरात असतात. नुसता कुत्रा धुऊन भागत नाही.

काय करायचं:

- डॉक्टरला विचारून महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी सुरू करा. फ्लुरालानेर, अफोक्सोलानेर ही त्यातली औषधं. महाग आहेत, पण गोचीडतापाच्या उपचारापेक्षा स्वस्त. कुत्र्याला कधी आकडी आली असेल तर ते आधी सांगा.
- वजन करूनच गोळी घ्या. पिल्लू दर महिन्याला वाढतं, मागच्या वेळची मात्रा चालत नाही.
- कुत्र्याची झोपायची जागा, पोत्यांचे तुकडे, चटया उन्हात टाका, गरम पाण्यात धुवा. भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवा.
- अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढा. रॉकेल लावणं, काडी पेटवून चटका देणं बंद करा.

दोन गोष्टी मुळीच करू नका. गोठ्यात ठेवलेलं गुरांच्या गोचिडीचं औषध अंदाजानं पाण्यात ढवळून कुत्र्याला लावणं ही पहिली. पाण्याचं प्रमाण चुकलं की विषबाधा होते, त्यात कुत्रा ते चाटतो. दुसरी, कुत्र्याच्या मानेवर सोडायचं, परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं गोचिडीचं औषध मांजराला लावणं. मांजर त्यानं मरू शकतं.

आता ताप. कुत्रा खायचं सोडतो, मलूल होतो, अंग तापतं. हिरड्या फिकट पडतात. कधी नाकातून रक्त येतं, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसतात, लघवी चहासारखी गडद होते. यातलं काहीही दिसलं तर उद्यावर टाकू नका. डॉक्टर रक्त काढतील, त्यात प्लेटलेट किती आहेत ते पाहतील, काचपट्टीवर किंवा किटवर जंतू शोधतील. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन मुख्य आजार. दोन्ही गोचिडीमुळेच होतात, पण औषधं निराळी. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी घेऊन फार्मसीत जाण्यात अर्थ नाही. एर्लिकियावर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात आणि ते साधारण चार आठवडे चालतं. पाचव्या दिवशी कुत्रा भाताच्या ताटलीवर तुटून पडला की लोक गोळ्या थांबवतात, आणि आजार परत येतो. ही गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते.

जाता जाता: सत्तरीत माकडतापाची भीती असते म्हणून काहीजण घरच्या कुत्र्याकडे संशयानं पाहतात. माकडताप पसरवणारी रानातली गोचीड वेगळ्या जातीची. तरी रानात हिंडून आलेला कुत्रा आणि त्याचा मालक, दोघांचंही अंग तपासावं.

६. पावसाळ्याची तयारी

लेप्टो उंदराच्या लघवीतून पसरतो. शेतात, गटारात, साचलेल्या पाण्यात खेळणाऱ्या कुत्र्याला तो होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. लेप्टोची लस मेअखेर उरकून ठेवा. आजारी कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला.

बेडूक चाटून तोंडाला फेस आलेला कुत्रा पाहून पहिल्यांदा सगळेच घाबरतात. तोंड तिरकं, खाली धरून पाण्यानं धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. थोड्या वेळात थांबलं नाही, झोकांड्या जायला लागल्या, तर दवाखाना गाठा.

साप चावल्याचा संशय असेल तर कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. दोरी आवळू नका, चीर देऊ नका, पाला शोधत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी माणसांची प्रतिविष लसच कुत्र्यालाही देतात. ती सगळीकडे नसते. म्हणून घरातल्या एकानं गाडी काढायची आणि दुसऱ्यानं फोन करून लस कुठं आहे ते शोधायचं.

७. घरातला औषधाचा डबा बंद

मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्याला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका, पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं. चॉकलेट, द्राक्षं-मनुका, कांदा नको. हुमणातला (माशाच्या आमटीतला) भात ‘थोडासाच’ म्हणून दिला जातो, त्यात कांदाही असतो आणि माशाचा काटाही. शिजवलेली कोंबडीची हाडं टोकदार फुटतात. काजूच्या हंगामात बिया वाळत घातल्या असतील तर पिल्लाला लांब ठेवा, टरफलातलं तेल तोंड भाजतं.

८. नसबंदी

माद्यांची नसबंदी मी तरी टाळू देणार नाही. न केलेल्या मादीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि तेव्हा शस्त्रक्रिया तातडीची, महागडी, जिवावरची होते. नेमकं वय जातीवर आणि वजनावर ठरतं, डॉक्टरला विचारा. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ याला वैद्यकीय आधार नाही.

आदल्या रात्रीपासून खाणं बंद ठेवायला सांगतील, ते काटेकोर पाळा. घरातल्या आजीलाही सांगून ठेवा, नाही तर सकाळी ती मायेनं पोळी घालते आणि भूल देता येत नाही. संमतीपत्रावर सही करण्याआधी वाचा. घरी आल्यावर गळ्यातला प्लास्टिकचा शंकू टाके निघेपर्यंत काढायचा नाही, कितीही केविलवाणं पाहिलं तरी.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली तर त्याची नसबंदी झालेली आहे, त्याला पुन्हा पकडवू नका.

९. रात्र, रविवार आणि चवथ

चवथीच्या आठवडाभर आधी रोजच्या गोळ्या, मलम, विशेष खाणं भरून ठेवा. डॉक्टर कुठल्या दिवशी नाहीत आणि त्यांच्या जागी कोण, ते विचारून फ्रिजवर चिकटवा. नरकासुराच्या रात्री आणि दिवाळीच्या फटाक्यांना कुत्री घाबरून पळतात, तेव्हा त्यांना आतल्या खोलीत ठेवा. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवा.

तातडीच्या वेळी फोनवर ‘डॉक्टर, कुत्रा बरा नाही’ एवढंच सांगून उपयोग नाही. असं सांगा: जात, वय, वजन, नर की मादी. काय झालं आणि किती वाजल्यापासून. हिरड्यांचा रंग. शेवटचं कधी खाल्लं. कुठली औषधं चालू आहेत. आकडी आली असेल तर तिचा व्हिडिओ काढा, डॉक्टरसमोर ती पुन्हा येईलच असं नाही.

नर मांजर पुन्हा पुन्हा लघवीला बसतंय आणि थेंब येत नाही, किंवा मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय आणि नुसत्या कोरड्या उलट्या होतायत, या दोन गोष्टींना सकाळपर्यंत थांबायचं नाही.

१९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर प्रामुख्यानं गुरं पाळणाऱ्यांसाठी आहे. गोठा असेल तर जवळ ठेवा.

१०. चावलं किंवा ओरखडलं तर

आपलंच कुत्रं, लस झालेलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू लावू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, त्यासाठी बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, पाठवू शकतात. लसीचे सगळे डोस पूर्ण करा. चावणाऱ्या कुत्र्याला मारू नका, पळवून लावू नका. दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवायची असते.

११. बाहेरगावी नेताना

रेल्वेत वातानुकूलित पहिल्या वर्गातली पूर्ण खोली आपल्या नावावर असेल तरच कुत्रा जवळ ठेवता येतो. नाही तर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आणि मे महिन्यात तो विचारही करू नका. प्रवासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरकडून तंदुरुस्तीचा दाखला घ्या. विमानाचे नियम कंपनीगणिक वेगळे, तिकीट काढण्याआधी विचारा.

१२. ‘जनावरांच्या डॉक्टरला एवढी फी?’

हा प्रश्न दवाखान्याच्या बाकावर हमखास कानावर पडतो. माणसांसाठी सरकारी योजना असतात, विमा असतो, म्हणून खरा खर्च डोळ्यांना दिसत नाही. कुत्र्याचं बिल मात्र अख्खं आपल्या हातात येतं. रुग्ण बोलत नाही, त्यामुळे तपासण्या जास्त. परवडत नसेल तर आधीच मोकळेपणानं सांगा. यातली कुठली तपासणी आज हवीच आणि कुठली थांबू शकते, असं विचारलं की बहुतेक डॉक्टर नीट समजावतात. बिल पाहून झाल्यावर घातलेला वाद कुणाच्याच कामाचा नाही.

आणि शेवटी पालकांचा एक प्रश्न: मुलगी म्हणते मला व्हेटर्नरी करायचंय, त्याचं काय? बारावी विज्ञान, जीवशास्त्र घेऊन, मग ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा. पदवी साडेपाच वर्षांची, शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. आपल्याकडची मुलं पूर्वापार बाहेर जाऊन शिकत आली आहेत. १८८६ मध्ये सुरू झालेलं मुंबईचं परळचं महाविद्यालय आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ ही मराठी मुलांना सोयीची ठिकाणं, दोन्ही नागपूरच्या विद्यापीठाखाली येतात. गोव्यातल्या उमेदवारांसाठी त्या वर्षी कुठं किती जागा आहेत ते प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत पाहा. फॉर्म भरण्याआधी तिला तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारून एक दिवस त्यांच्याबरोबर गोठ्यांवर पाठवा. अभ्यासक्रमात गाय, म्हैस, डुक्कर, कोंबडी सगळं येतं, घरातलं गोजिरवाणं पिल्लू त्यातला छोटा भाग. गाईच्या गर्भाशयात कोपरापर्यंत हात घालायची तयारी आहे का, ते त्याच संध्याकाळी कळेल.